गिल्बर्ट जॉन फाउलर

गिल्बर्ट जॉन फाउलर (इ.स. १८६८ – इ.स. १९५३) हे इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ व जीवरसायनशास्त्रज्ञ होते. सांडपाणी शुद्धीकरणाच्या सक्रिय गाळ पद्धतीचे प्रेरक म्हणून ते ओळखले जातात. ज्या शोधनिबंधातून ही पद्धत जगापुढे आली, त्याच्या लेखकांत मात्र त्यांचे नाव नाही.

== मँचेस्टरमधील कार्य ==
फाउलर हे मँचेस्टर महापालिकेचे सांडपाणीविषयक सल्लागार होते. इ.स. १९१२ मध्ये न्यू यॉर्क बंदराच्या प्रदूषणासंबंधी सल्ला देण्यासाठी ते अमेरिकेस गेले असता त्यांनी मॅसॅच्युसेट्समधील लॉरेन्स प्रयोगकेंद्राला भेट दिली. तेथे सांडपाण्यात हवा सोडून ते शुद्ध करण्याचे प्रयोग चालू होते. परतल्यावर त्यांनी डेव्हिहुल्म येथील एडवर्ड आर्डर्न व विल्यम लॉकेट यांना तसे प्रयोग करण्यास सुचविले.

आर्डर्न व लॉकेट यांनी बाटलीतील सांडपाण्यात सतत हवा सोडली. पूर्ण नायट्रीकरणास प्रथम सुमारे ५ आठवडे लागले. नंतर त्यांनी वरचे स्वच्छ पाणी काढून घेतले, तळाचा गाळ तसाच ठेवला आणि त्यावर नवे सांडपाणी भरले. असे वारंवार केल्यावर हा कालावधी २४ तासांपर्यंत खाली आला. जो गाळ तोवर केवळ विल्हेवाटीचा प्रश्न मानला जाई, त्यातील सूक्ष्मजीवच शुद्धीकरण करीत होते. ३ एप्रिल १९१४ रोजी मँचेस्टर येथे हा निबंध वाचला गेला. त्यात लेखकांनी फाउलर यांचे ऋण मान्य केले.

== भारतातील कार्य ==
इ.स. १९१६ मध्ये फाउलर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाले. इ.स. १९२१ मध्ये तेथे स्थापन झालेल्या जीवरसायनशास्त्र विभागाचे ते पहिले प्रमुख होत. सांडपाण्यातील नायट्रोजन वाया न जाता खतरूपाने जमिनीला परत मिळावा, हा त्यांच्या अभ्यासाचा मुख्य विषय होता. त्यावरील त्यांचा ग्रंथ इ.स. १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला.

== वारसा ==
सुरुवातीची संयंत्रे एकाच टाकीत भरणे, हवा देणे, गाळ बसू देणे व पाणी काढणे या क्रमाने चालत. झडपा हाताने उघड-बंद कराव्या लागत आणि हवेची छिद्रे गाळाने बुजत. त्यामुळे अखंड प्रवाहाची पद्धत रूढ झाली. स्वयंचलित नियंत्रणे उपलब्ध झाल्यावर इ.स. १९७० च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट अर्वाइन यांनी जुना क्रम 'सिक्वेन्सिंग बॅच रिअ‍ॅक्टर' या रूपाने पुन्हा प्रचारात आणला. नवी मुंबईतील सांडपाणी प्रक्रिया केंद्रांतही हे तंत्र वापरले जाते. किती गाळ राखावा आणि किती वेळ हवा द्यावी, हे डेव्हिहुल्मच्या बाटलीतले प्रश्न अशा टाक्यांच्या आराखड्यात आजही मध्यवर्ती आहेत.