राजाभाऊंचा ‘पाठलाग’

मराठी चित्रपटात घरातली साधी माणसे उभी करणारे दिग्दर्शक म्हणून राजा परांजपे आपल्याला ठाऊक आहेत. त्यांनीच काढलेला ‘पाठलाग’ हा रहस्यपट मात्र मला त्यांच्या साऱ्या चित्रपटांत अधिक घरगुती वाटत आला आहे.

राजाभाऊंचा जन्म १९१० सालचा, मिरजेचा. रंगभूमीवरून ते चित्रपटात आले. आधी नट, मग १९४८ च्या ‘जिवाचा सखा’पासून दिग्दर्शक. पुढे गदिमा आणि सुधीर फडके यांच्याशी त्यांचे त्रिकूट जमले. ‘पुढचं पाऊल’, ‘लाखाची गोष्ट’, ‘जगाच्या पाठीवर’ हे चित्रपट घरोघरी पोचले. १९६४ साली त्यांनी जयंत देवकुळे यांची ‘आशा परत येते’ ही कादंबरी हाती घेतली आणि ‘पाठलाग’ केला.

काशिनाथ घाणेकरांनी रंगवलेल्या वकिलाची पत्नी वारली आहे. अशात पोलिसांनी पकडलेली एक स्त्री, मीच तुमची पत्नी, असा दावा करते. चेहरा तोच. भर कोर्टात ती संसारातल्या अशा खुणा सांगते की वकीलही चक्रावतो. भावना यांनी ही भूमिका केली.

बँकेत असताना, आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या शाखांत, वारसांचे अर्ज माझ्या टेबलावर येत. मेहकर-लोणारकडची एखादी बाई मयत नवऱ्याच्या खात्यातले पैसे मागायला येई. माहेरचे नाव एक, लग्नात तांदळात लिहिलेले दुसरे, रेशनकार्डावर तिसरेच! बैल कधी विकला, विहिरीला पाणी कितव्या हातावर लागले, सारे ती बिनचूक सांगे. पण नियमाला कागद हवा असे. आपण आपणच आहोत, हे सिद्ध करताना तिचा आवाज कापे. ‘पाठलाग’मधली खरी भीती हीच आहे, असे मला वाटते. आपल्याच माणसाने आपल्याला ओळखले नाही तर?

या चित्रपटाला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. १९६६ साली हिंदीत त्याचाच ‘मेरा साया’ झाला. राजाभाऊ १९७९ साली गेले.

शेवट मी सांगणार नाही. घरातल्या तरुण मंडळींना घेऊन एकदा बघा. ती स्त्री बोलू लागली की कागद बाजूला ठेवून तिचे ऐका, एवढेच माझे सांगणे.