कै. यशवंतराव चव्हाण: पद व त्याचा भार

गांवच्या पंचायतींत उपसरपंच निवडण्याची वेळ आली म्हणजे काय घडतें, हें पहूर पेठेच्या व पहूर कसब्याच्या वाचकांस आम्हीं सांगावयास नको. कोणत्याही एका तटाकडे पुरेसे सभासद नसले, कीं दोन तट एकत्र येतात. एकास हें पद, दुसऱ्यास तें, असा करार होतो. आणि पुष्कळ वेळां वर्ष संपण्यापूर्वींच तो करार मोडतो. दिल्लीचें राज्य गांवच्या पंचायतीहून फार मोठें खरें. पण तेथेंही एका पक्षास बहुमत नसलें म्हणजे हाच प्रकार होतो. त्यास संमिश्र सरकार म्हणतात. अशा सरकारांत मोठें पद घ्यावें कीं घेऊं नये, आणि घेतलें तर त्यापासून कोणाचें हित होतें, ह्या प्रश्नाचा विचार करावयास कै. यशवंतराव बळवंतराव चव्हाण ह्यांच्या चरित्रासारखें दुसरें चरित्र आमच्या महाराष्ट्रांत क्वचित् सांपडेल. म्हणून तें आज आम्ही वाचकांपुढें थोडक्यांत ठेवितों.

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजीं देवराष्ट्रे ह्या गांवीं आजोळीं झाला. हें गांव तेव्हां सातारा जिल्ह्यांत होतें. आतां तें सांगली जिल्ह्यांत आहे. वडील बळवंतराव कऱ्हाड येथें कोर्टांत बेलिफाचें काम करीत. मुलगा लहान असतांच ते वारले, आणि संसाराचा सर्व भार आई विठाबाई हिच्यावर पडला. ह्या माउलीस लिहितां-वाचतां येत नव्हतें; तरी आपल्या मुलांनीं शिकलेंच पाहिजे, असा तिचा निश्चय होता. यशवंतराव कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलांत शिकत असतां स्वातंत्र्याच्या चळवळींत पडले, व १९३२ सालीं त्यांस अठरा महिन्यांची शिक्षा झाली. तुरुंगांतून सुटून आल्यावर त्यांनीं पुनः पुस्तकें हातीं घेतलीं. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांतून ते १९३८ सालीं बी. ए. झाले, आणि १९४१ सालीं पुण्यास कायद्याची परीक्षा उतरले. २ जून १९४२ रोजीं फलटणच्या वेणूताई ह्यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. दोन महिने होतात न होतात, तोंच बेचाळीसची चळवळ सुरू झाली व नवरदेव भूमिगत झाले. ते हातीं लागत नाहींत असें पाहून पोलिसांनीं १९४३ च्या आरंभीं ह्या नव्या सुनेसच तुरुंगांत नेलें. तिनें हें सर्व धैर्यानें सोसलें, व पुढें चाळीस वर्षें ती त्यांच्या सुखदुःखाची भागीदार राहिली.

१९४६ च्या निवडणुकींत यशवंतराव मुंबई इलाख्याच्या विधिमंडळांत निवडून आले. बाळासाहेब खेर मुख्य प्रधान, आणि गृहखातें मोरारजी देसाई ह्यांजकडे. ह्या मोरारजींच्या हाताखालीं संसदीय चिटणीस म्हणून यशवंतरावांनीं राज्यकारभाराचा पहिला धडा घेतला. १९५२ सालीं मोरारजी मुख्यमंत्री झाले, तेव्हां यशवंतराव त्यांच्या मंत्रिमंडळांत पुरवठामंत्री होते. १९५६ सालीं मोरारजी दिल्लीस गेले, व गुजरात, महाराष्ट्र, विदर्भ आणि मराठवाडा मिळून झालेल्या द्वैभाषिक मुंबई राज्याचें मुख्यमंत्रिपद १ नोव्हेंबर १९५६ रोजीं यशवंतरावांकडे आलें. गुरु व शिष्य असा हा संबंध होता. वाचकांनीं तो ध्यानांत ठेवावा. त्याचें पुढें काय झालें, तें यथाक्रम येईलच.

हें मुख्यमंत्रिपद म्हणजे कांट्यांचा मुकुट होता. मराठी जनतेस मुंबईसह आपलें राज्य हवें होतें; त्या मागणीपायीं शंभराहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं होतीं. प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन असे एरव्ही एकमेकांशीं न पटणारे पक्ष संयुक्त महाराष्ट्र समितींत एकत्र आले, आणि १९५७ च्या निवडणुकींत पश्चिम महाराष्ट्रांत काँग्रेसची दाणादाण उडाली. खुद्द मुख्यमंत्री कऱ्हाडांत थोड्या मतांनीं वांचले. त्यांचें सरकार टिकलें, तें गुजरात व विदर्भ येथील सभासदांच्या बळावर. मराठी मुख्यमंत्र्याच्या पाठीशीं मराठी मुलखाचाच मोठा भाग नाहीं, ही गोष्ट यशवंतरावांनीं दडविली नाहीं व तिजवर संतापही केला नाहीं. लोकांचें मन काय आहे, तें त्यांनीं दिल्लीच्या वडीलधाऱ्यांस हळूहळू पटविलें. आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें, तेव्हां त्याचे पहिले मुख्यमंत्री तेच झाले. इकडे समितीचें काय झालें? जें साधावयास ती जन्मली तें साधलें, आणि तिचे घटक पक्ष पांगले. एका कार्यासाठीं जमलेली युती तें कार्य होईपर्यंत टिकते. पुढें तिला बांधून ठेवणारें दुसरें कांहीं लागतें. हा धडा येथें प्रथम दिसला.

मुख्यमंत्री असतांना त्यांनीं केलेल्या कामांपैकीं जीं खेड्यापर्यंत पोंहोंचलीं, त्यांचाच आम्ही येथें उल्लेख करितों. १९५८ च्या कायद्यानें कनिष्ठ गांवकामगारांचीं वतनें रद्द झालीं. पिढ्यान् पिढ्या महार व इतर मंडळींस वतनाच्या नांवाखालीं साऱ्या गांवाची वेठ करावी लागे. मोबदला अल्प, मानहानि मात्र फार. डॉ. आंबेडकरांनीं ह्या वतनांविरुद्ध १९२८ पासून झगडा चालविला होता. त्याचें फळ त्यांच्या मृत्यूनंतर पदरांत पडलें. त्याच वर्षीं अजिंठ्याच्या घाटापलीकडे औरंगाबादेस, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगरास, मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें. ज्यांचें उत्पन्न थोडें, अशा घरांतील मुलांस फी माफ करण्याची व्यवस्था झाली. तिजमुळें किती शेतकऱ्यांचीं मुलें कॉलेजचीं दारें ओलांडूं शकलीं, हें वाचकांनीं आपल्याच आळींत विचारून पाहावें.

पण सर्वांत टिकाऊ काम म्हणजे जिल्हा परिषदा. वसंतराव नाईक ह्यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली, तिच्या सूचनांवरून १९६१ सालीं कायदा झाला, आणि १ मे १९६२ पासून तो अमलांत आला. प्राथमिक शाळा, दवाखाने, खेड्यांचे रस्ते, पिण्याचें पाणी हीं कामें जिल्ह्याच्या व तालुक्याच्या निवडून आलेल्या लोकांच्या हातीं गेलीं. पूर्व खानदेशास जळगांव जिल्हा हें नांव १९६० सालीं मिळालें होतें. दोन वर्षांनीं त्यास आपली जिल्हा परिषद मिळाली, व जामनेरास पंचायत समिति आली. हातीं आलेली सत्ता मुठींत धरून ठेवणारे पुष्कळ असतात. ती खालीं वांटून देण्याचा कायदा करणारे थोडे.

नोव्हेंबर १९६२ मध्यें चीनच्या आक्रमणानें देश हादरला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन ह्यांस पद सोडावें लागलें, व पंडित नेहरूंनीं यशवंतरावांस बोलावून घेतलें. तेव्हांपासून मार्च १९७७ पर्यंत, चवदा वर्षांहून अधिक काळ, ते केंद्रीय मंत्रिमंडळांत होते: प्रथम संरक्षण, १९६६ च्या अखेरीपासून गृह, जून १९७० पासून अर्थ, आणि ऑक्टोबर १९७४ पासून परराष्ट्र. नेहरू, शास्त्री व इंदिरा गांधी अशा तीन पंतप्रधानांनीं त्यांजवर विश्वास टाकिला. १९६५ च्या पाकिस्तानाबरोबरच्या युद्धांत संरक्षणखातें त्यांच्याकडे होतें, व मोडलेली सेना पुनः उभी केल्याचें श्रेय त्यांस दिलें जातें. तथापि चरित्र लिहितांना एकच बाजू दाखविणें योग्य नव्हे. १९७५ सालीं आणीबाणी आली, विरोधी पक्षांचे पुढारी तुरुंगांत गेले, वृत्तपत्रांचीं तोंडें बांधलीं गेलीं. तेव्हां स्वतः दोनदां तुरुंग भोगलेले यशवंतराव मंत्रिमंडळांतच राहिले व उघडपणें कांहीं बोलले नाहींत. हा त्यांच्या चरित्रावरील डाग आहे, असें पुष्कळांचें मत आहे, आणि तें आम्हांस अन्यायाचें वाटत नाहीं.

आतां पुढील कथा समजण्यासाठीं आपल्या घटनेची एक गोष्ट सांगितली पाहिजे. मंत्री पंतप्रधानाच्या सल्ल्यानें राष्ट्रपति नेमतो. परंतु सारें मंत्रिमंडळ मिळून लोकसभेस जबाबदार असतें. लोकसभेचा विश्वास गेला, कीं सर्वांस एकदमच जावें लागतें. उपपंतप्रधान हें पद तर घटनेंत मुळींच नाहीं. तें केवळ मानाचें नांव आहे. एका पक्षाचें बहुमत असलें म्हणजे ही गोष्ट कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं. संमिश्र सरकारांत मात्र ती रोज आठवते. कारण तेथें खातें देणारा एक व पाठिंबा देणारा दुसरा असतो.

१९७७ च्या निवडणुकींत काँग्रेस हरली. अनेक पक्ष एकत्र होऊन झालेला जनता पक्ष सत्तेवर आला, मोरारजी देसाई पंतप्रधान झाले, आणि यशवंतराव लोकसभेंत विरोधी पक्षाचे नेते. १९७८ च्या आरंभीं काँग्रेस फुटली. इंदिराबाईंनीं आपली निराळी काँग्रेस काढली, व यशवंतराव दुसऱ्या बाजूस राहिले. लगेच महाराष्ट्रांत निवडणुका झाल्या. २८८ जागांत कोणासही बहुमत मिळालें नाहीं. तेव्हां दोन्ही काँग्रेस पक्षांनीं मिळून सरकार बनविलें: वसंतदादा पाटील मुख्यमंत्री व नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. हें महाराष्ट्राचें पहिलें संमिश्र सरकार. मार्चमध्यें तें जुळलें, आणि जुलैंत मोडलें. शरद पवार बाहेर पडले व जनता पक्षादिकांच्या साह्यानें मुख्यमंत्री झाले. एका घरांतून फुटलेले भाऊ एका चुलीवर किती दिवस स्वयंपाक करूं शकतात, हें ह्यावरून दिसलें.

पुढच्या वर्षीं दिल्लींत तेंच झालें. जुलै १९७९ मध्यें यशवंतरावांनीं मोरारजींच्या सरकारावर अविश्वासाचा ठराव आणिला. जनता पक्षांत आधींच भेगा पडल्या होत्या. ठरावाचा धक्का लागतांच सभासद भराभर फुटूं लागले, व १५ जुलै रोजीं मोरारजींनीं राजीनामा दिला. ज्यांच्या हाताखालीं तेहेतीस वर्षांपूर्वीं कारभार शिकले, त्यांसच पायउतार करण्याचा प्रसंग शिष्यावर आला. राष्ट्रपति नीलम संजीव रेड्डी ह्यांनीं प्रथम यशवंतरावांसच सरकार बनविण्यास बोलाविलें. पंतप्रधानपद इतकें जवळ आलें असतां त्यांनीं कांहीं दिवस माणसें मोजून पाहिलीं, संख्या भरत नाहीं असें दिसलें, आणि तसें राष्ट्रपतींस प्रांजळपणें कळविलें. येथपर्यंत त्यांचें वर्तन निर्दोष होतें.

मग चरणसिंग ह्यांनीं पाऊल पुढें टाकिलें. त्यांचा गट व यशवंतरावांचा पक्ष ह्या दोघांचे सभासद मिळूनही लोकसभेंत बहुमत होत नव्हतें. तूट भरून काढणार होती इंदिराबाईंची काँग्रेस, आणि तीही बाहेरून. २८ जुलै १९७९ रोजीं चरणसिंग पंतप्रधान झाले. यशवंतराव उपपंतप्रधान व गृहमंत्री झाले. ज्यांच्यापासून यशवंतराव वेगळे झाले होते, त्यांच्याच मर्जीवर आतां त्यांचें पद उभें होतें. १९ ऑगस्ट रोजीं इंदिराबाईंनीं पाठिंबा काढून घेतला. आणीबाणीच्या प्रकरणांचे खटले विशेष न्यायालयांपुढें चालूं होते, ते मागें घेण्यास चरणसिंग तयार नव्हते, हें त्याचें कारण सांगितलें जातें. २० ऑगस्ट रोजीं, लोकसभेपुढें जाण्यापूर्वींच, चरणसिंगांनीं राजीनामा दिला. तेवीस दिवसांत सारें आटोपलें. पुढें लोकसभा बरखास्त झाली. नव्या निवडणुका होईपर्यंत, जानेवारी १९८० पर्यंत, हें मंत्रिमंडळ केवळ काळजीवाहू म्हणून राहिलें. त्या निवडणुकींत इंदिराबाई मोठ्या बहुमतानें परत आल्या.

यशवंतरावांनीं तें पद कां घेतलें? देशास सरकार पाहिजे होतें, निवडणुका इतक्या लवकर लादणें बरें नव्हे, असा विचार त्यांच्या मनांत असेल. त्यांस ओळखणारे असेंच सांगत. कोणी म्हणतात, आयुष्यभर सत्तेंत राहिलेल्या माणसास सत्तेबाहेर चैन पडत नाहीं. दोन्हींत थोडें थोडें सत्य असावें, असें आम्हांस वाटतें. परंतु फळ पाहिलें तर हिशेब स्पष्ट आहे. संख्या नाहीं म्हणून त्यांनीं पंतप्रधानपद नाकारिलें. तीच संख्या उपपंतप्रधानपद घेतांनाही नव्हती. जो विवेक मोठ्या पदाच्या वेळीं जागा होता, तो त्याहून लहान पदाच्या वेळीं डुलकी खाऊन गेला.

ह्यानंतर ते पुनः मंत्री झाले नाहींत. १९८० सालीं साताऱ्यानें त्यांस लोकसभेंत धाडलें, कांहीं काळानें ते इंदिराबाईंच्या काँग्रेसमध्यें परतले, व १९८२ सालीं आठव्या वित्त आयोगाचें अध्यक्षपद त्यांस मिळालें. जून १९८३ मध्यें वेणूताई गेल्या. त्या धक्क्यांतून ते सावरले नाहींत. २५ नोव्हेंबर १९८४ रोजीं दिल्ली येथें त्यांचें निधन झालें. कऱ्हाडास कृष्णा व कोयना ह्यांच्या संगमावर त्यांची समाधि आहे, आणि त्यांचीं पुस्तकें त्याच गांवीं वेणूताईंच्या नांवानें उभारलेल्या स्मारकांत जपून ठेविलेलीं आहेत.

वाचकहो, ह्या चरित्रांतून आमच्या गांवांनीं काय घ्यावें? संमिश्र सरकार वाईटच, असें आमचें म्हणणें नाहीं. जेथें लोकांनींच आपलीं मतें वांटून दिलीं, तेथें एकमेकांशीं जुळवून घेतल्यावांचून कारभार चालणार नाहीं. पंचायतींतही नाहीं व दिल्लींतही नाहीं. परंतु जुळवून घेण्यापूर्वीं दोन गोष्टी विचाराव्या: आपण कोणत्या कामासाठीं एकत्र येत आहों, आणि ज्याच्या आधारावर पद घेतों तो आधार किती दिवसांचा? यशवंतरावांस जें सर्वांत उंच नांव मिळालें, तें तेवीस दिवसांत पोकळ ठरलें व आज थोड्यांसच आठवतें. त्यांनीं आपल्या हातून सोडून खालच्यांस दिलेली सत्ता मात्र अजून उभी आहे. पहूरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेंत जेव्हां घंटा वाजते, तेव्हां ती सत्ता आतां कोणाच्या हातीं आहे व तिचें आपण काय करितों, हा प्रश्न आपल्यांतील प्रत्येकानें स्वतःस विचारावा.