विश्लेषण : एअरगन ते दुर्बीण... जंगलात जाताना सालिम अलींच्या सामानात काय असे?

जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडलगतच्या आरेत सुट्टीच्या दिवशी पहाटे गळ्यात दुर्बीण अडकवलेले पक्षीनिरीक्षक हमखास दिसतात. कोणती दुर्बीण घ्यावी, सोबत काय न्यावे, ही चर्चा त्यांच्यात कायम सुरू असते. ‘बर्डमॅन ऑफ इंडिया’ म्हणून ओळखले जाणारे सालिम अली यांच्यासाठी मात्र सामानाची निवड हा हौसेचा विषय नव्हता. त्यावर त्यांचे काम अवलंबून होते.

सुरुवात शिकारीतून कशी झाली?

12 नोव्हेंबर 1896 रोजी मुंबईत जन्मलेल्या सालिम यांचे आईवडील ते लहान असतानाच वारले. खेतवाडीत मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढवले. मामांनीच त्यांना एअरगन दिली. शाळकरी वयात त्यांनी टिपलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग होता. तिची ओळख पटवण्यासाठी 1908 मध्ये मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत (बीएनएचएस) पाठवले. तेथील सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी पक्ष्यांचा संग्रह दाखवला आणि पुढे पक्ष्याची कातडी सोलून टिकवण्याचे शिक्षणही मिळाले.

नोकरी गेल्यावर काय केले?

1926 मध्ये ते प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये गाइड लेक्चरर झाले. त्यानंतर बर्लिनला एर्विन श्ट्रेझमान यांच्याकडे शिकून 1930 मध्ये परतले, तेव्हा पैशांअभावी त्यांचे पदच रद्द झाले होते. मग अलिबागजवळच्या किहीमला राहून त्यांनी सुगरण पक्ष्याच्या विणीचा अभ्यास केला. पुढे संस्थानांना प्रस्ताव दिला : मानधन नको, फक्त मोहिमेचा खर्च द्या. हैदराबाद, त्रावणकोर-कोचीन अशी सर्वेक्षणे त्यातूनच झाली. पत्नी तेहमिना अनेक मोहिमांत सोबत असत. 1939 मध्ये त्यांचे निधन झाले.

सामान विश्वासार्ह असणे का गरजेचे होते?

त्या काळी पक्ष्याची जात निश्चित करण्यासाठी नमुना हातात लागत असे. छर्रा जाड असेल तर छोट्या पक्ष्याच्या चिंधड्या होतात. म्हणून संग्राहक अगदी बारीक छर्ऱ्यांची काडतुसे वापरत. आपल्या हवेत मांस लवकर कुजते, त्यामुळे कातडी त्याच दिवशी सोलावी लागे. किडीपासून बचावासाठी तिला आर्सेनिकयुक्त साबण लावत आणि आत कापूस भरत. शेवटी ठिकाण, तारीख आणि नर-मादी नोंदवलेली चिठ्ठी पायाला बांधत. काडतूस चुकीचे निघाले, साबण संपला किंवा चिठ्ठी हरवली, तर पक्षी फुकट मारला जाई. रानात बदली सामान मिळणार नव्हते.

अलींनी शास्त्रासाठी नमुने गोळा करणे आवश्यक मानले. पण त्यांना खरा रस होता तो जिवंत पक्ष्याच्या वागण्यात. त्यासाठी दुर्बीण आणि टिपणवही ही दोन साधने पुरेशी होती.

मोटारसायकलचे काय?

दणकट वाहन हा त्यांचा दुसरा छंद. त्यांनी एनएसयूपासून हार्ले-डेव्हिडसनपर्यंत अनेक मोटारसायकली चालवल्या. स्वीडनमधील उप्साला येथे 1950 मध्ये आंतरराष्ट्रीय पक्षिशास्त्र परिषद झाली, तेव्हा आपली सनबीम जहाजाने पाठवून ते युरोपात तीवरूनच फिरले.

बंदूक मागे कशी पडली?

1941 मध्ये त्यांचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ आले आणि सामान्य वाचकाला पक्षी न मारता ओळखण्याची सोय झाली. 1959 पासून बीएनएचएसच्या स्थलांतर प्रकल्पात पक्षी बारीक जाळ्यात पकडून, पायात क्रमांकाचे कडे घालून सोडले जाऊ लागले. मेलेला नमुना एकाच जागेची माहिती देतो. कडे घातलेला पक्षी पुन्हा सापडला, तर त्याच्या प्रवासाचा माग लागतो.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तर विनापरवाना शिकार हा गुन्हाच ठरला. 1976 मध्ये अलींना पद्मविभूषण मिळाले, 1985 मध्ये ते राज्यसभेवर नियुक्त झाले आणि 1987 मध्ये मुंबईत वयाच्या 90व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आजच्या निरीक्षकाने काय घ्यावे?

आरेत जाताना महागडा कॅमेरा नसला तरी चालेल. झेपेल अशी दुर्बीण, पाणी, न घसरणारे बूट आणि वही पुरे. वहीत तारीख, वेळ आणि जागा मात्र न चुकता लिहावी. त्याशिवाय नोंद अभ्यासाच्या उपयोगी पडत नाही.