वसईचा गोन्सालो जपानमध्ये क्रुसावर गेला, तेव्हा सोबत एक सुतारकाम करणारा बाप अन् त्याचं १४ वर्षांचं पोरगंही होतं

भिवंडीच्या अंजूरफाट्यावरून चिंचोटीच्या रस्त्याला लागलं की कामणमार्गे वसई येते. या रस्त्यावर कंटेनर आणि गोदामं सोडून दुसरं काही दिसत नाही. पण हा रस्ता जिथं पोहोचतो, तिथल्या एका पोराचं नाव आज जपानच्या नागासाकी शहरात टेकडीवर कोरलेलं आहे. त्या पोराचं नाव गोन्सालो गार्सिया. कॅथोलिक चर्चने संत म्हणून घोषित केलेला, भारतात जन्मलेला पहिला माणूस.

वसईत त्यांच्या नावाचं कॉलेज आहे, गास गावात चर्च आहे. नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण हा माणूस जपानला नेमका गेला कसा, हे विचारलं तर बरेचजण गप्प होतात.

तर सुरुवात होते १५३४ पासून. गुजरातच्या बहादूरशाहने त्या वर्षी वसई पोर्तुगीजांना देऊन टाकली. त्यानंतर वसईत किल्ला उभा राहिला, चर्च आली आणि जहाजबांधणी जोरात सुरू झाली. पोर्तुगीज शिपाई इथंच संसार थाटायला लागले. अशाच एका घरात १५५६-५७ च्या सुमारास गोन्सालोचा जन्म झाला. बाप पोर्तुगीज, आई इथलीच कोकणातली. आईचं नाव इतिहासात कुणी लिहून ठेवलं नाही. पण ती इथली होती ही गोष्ट गोन्सालोला आयुष्यभर पुरली.

शिक्षण वसईतल्या जेझुइट धर्मगुरूंकडे झालं. पोरगं हुशार होतं. वयाच्या साधारण पंधराव्या वर्षी ते धर्मगुरूंसोबत जहाजात बसून थेट जपानला निघालं. आज दहावीतलं पोरगं एकटं पुण्याला पाठवताना घरचे दहा वेळा विचार करतात. इथं तर परत येण्याची काही खात्रीच नव्हती, आणि गोन्सालो परत आलाच नाही.

जपानमध्ये त्याने सगळ्यात मोठं काम केलं ते म्हणजे भाषा शिकला. युरोपातून आलेल्या धर्मगुरूंना जपानी बोलताना घाम फुटायचा, पण हा गडी जपानी लोकांत मिसळून त्यांच्यासारखंच बोलायला लागला. तब्बल आठ वर्षं त्याने धर्मशिक्षक म्हणून काम केलं. त्याची एकच इच्छा होती, जेझुइट संघात रीतसर प्रवेश मिळावा.

तो प्रवेश काही मिळाला नाही.

कारण कागदावर स्वच्छ लिहिलेलं सापडत नसलं, तरी बहुतेक चरित्रकार बोट दाखवतात ते आईच्या भारतीय रक्ताकडेच. त्या काळात आशियात जन्मलेल्या आणि मिश्र वंशाच्या लोकांना संघात घ्यायला वरिष्ठांची तयारी नसायची. काम चालायचं, पण माणूस चालायचा नाही.

मग गोन्सालोने ती वाट सोडली आणि सरळ व्यापारी झाला. भाषा येत होती, माणसं ओळखीची होती. धंदा आग्नेय आशियात पसरला आणि पैसाही चांगला आला. पण मन त्यात रमलं नाही. फिलिपिन्समधल्या मनिलात त्याची गाठ फ्रान्सिस्कन संघाच्या लोकांशी पडली. हे लोक अनवाणी फिरायचे, भिक्षा मागून जगायचे आणि कुष्ठरोग्यांची सेवा करायचे. गोन्सालोने धंदा गुंडाळला आणि तो त्यांच्यात धर्मबंधू म्हणून सामील झाला. इथं त्याच्या आईबद्दल कुणी विचारलं नाही.

आता जपानमध्ये काय चाललं होतं ते बघू. तिथं सत्ता होती तोयोतोमी हिदेयोशीची. सामान्य घरातून वर येऊन अख्खा जपान एका हाताखाली आणणारा हा माणूस. १५८७ मध्ये त्याने मिशनऱ्यांनी देश सोडावा असा हुकूम काढला होता, पण परदेशी व्यापार हवा असल्याने तो फारसा अमलात आणला नव्हता. याच हिदेयोशीने मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरला आपल्यापुढे झुकायचा निरोप धाडला. घाबरलेल्या गव्हर्नरने पेद्रो बाप्तिस्ता या फ्रान्सिस्कन धर्मगुरूला वकील म्हणून जपानला पाठवलं. वकील तर मिळाला, पण हिदेयोशीशी बोलणार कोण?

१५९३ मध्ये वसईचा गोन्सालो जपानच्या सर्वात ताकदवान माणसासमोर दुभाष्या म्हणून उभा राहिला. एक शब्द इकडचा तिकडं झाला असता तरी मानेवर बेतलं असतं. पण बोलणी जमली. फ्रान्सिस्कनांना क्योतोत राहायची परवानगी मिळाली. तिथं चर्च उभं राहिलं आणि कुष्ठरोग्यांसाठी दवाखानाही सुरू झाला.

याच बांधकामात एक माणूस पुढे आला, मिगेल कोझाकी. मूळचा इसे प्रांतातला, धनुष्यबाण बनवणारा कारागीर, बायकापोरांचा धनी. फ्रान्सिस्कन येण्याआधीच तो ख्रिस्ती झाला होता. लाकडावर हात बसलेला, त्यामुळे क्योतो आणि ओसाकाच्या मठांच्या आणि चर्चच्या बांधकामात त्याने सुतारकाम केलं. मोठा मुलगा टोमास धर्मगुरूंच्या हाताखाली मदत करायचा. या माणसाने ना प्रवचनं दिली ना कुणाशी वाद घातला. घर सांभाळायचं आणि देवाच्या घराला लाकूड तासायचं, इतकंच त्याचं काम. हिदेयोशीला अशा माणसाची भीती वाटावी असं त्यात काहीच नव्हतं.

पण ऑक्टोबर १५९६ मध्ये सगळं फिसकटलं. मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेलं सान फेलिपे हे मालाने खच्चून भरलेलं स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या शिकोकू बेटाला लागलं. हिदेयोशीने माल जप्त केला. तेव्हा जहाजावरच्या एका अधिकाऱ्याने स्पेनच्या साम्राज्याच्या फुशारक्या मारल्या, आधी मिशनरी येतात आणि मागून फौज येते असंही सुचवलं, असं सांगितलं जातं. तो नेमकं काय बोलला यावर स्पॅनिश आणि पोर्तुगीज आजवर एकमेकांकडे बोट दाखवतात. हिदेयोशीने मात्र अटकेचा हुकूम सोडला.

डिसेंबरात धरपकड झाली. यादीत पेद्रो बाप्तिस्ता होते, गोन्सालो होता, आणि कोझाकी बापलेकही होते. जानेवारी १५९७ मध्ये क्योतोत २४ जणांच्या डाव्या कानाची पाळी कापली, गाड्यांत घालून गावभर धिंड काढली आणि ऐन थंडीत शेकडो किलोमीटर दूर नागासाकीकडे चालवत नेलं. वाटेत त्यांना मदत करणारे दोघे आणखी पकडले गेले. आकडा झाला २६.

या प्रवासातली एक गोष्ट वाचताना आजही घशात आवंढा येतो. वाटेत मिहारा इथल्या मुक्कामात १४ वर्षांच्या टोमासने आईला पत्र लिहिलं. आमची काळजी करू नकोस, धाकट्या भावांना सांभाळ, अशा अर्थाचं. पत्र बापाकडे दिलं. ते पाठवायला मिळालंच नाही. पुढे मिगेलच्या मृतदेहावर, त्याच्या कपड्यांत ते रक्ताने माखलेलं सापडलं.

५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर २६ क्रूस उभे होते. दोर आणि लोखंडी कड्यांनी बांधून सगळ्यांना भाल्यांनी भोसकलं. सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी जेझुइट आणि सतरा सामान्य जपानी माणसं. सगळ्यात लहान लुईस फक्त १२ वर्षांचा होता. गोन्सालोचं वय चाळीसच्या आसपास.

ज्या जेझुइट संघाने त्याला दार उघडलं नाही, त्याच संघाचे तिघे त्याच्या रांगेत होते. मरताना तरी दोघांत फरक उरला नाही.

१६२७ मध्ये पोपने या सर्वांना धन्यवादित आणि ८ जून १८६२ ला संत घोषित केलं. म्हणजे वसईच्या गोन्सालोसोबत सुतारकाम करणारा मिगेल आणि त्याचा टोमासही संत झाले.

इकडे वसईत मधल्या काळात बरंच पाणी वाहून गेलं होतं. भिवंडीजवळच्या अंजूरचे गंगाजी नाईक पोर्तुगीजांविरुद्ध मोहीम व्हावी म्हणून पेशव्यांकडे खटपट करत राहिले. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. किल्ल्यातली चर्च ओस पडली. पण संत गोन्सालोंची आठवण स्थानिक ख्रिस्ती समाजाने सोडली नाही. आजही फेब्रुवारीत त्यांचा सण होतो.

तिकडे जपानने ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली, आणि विश्वासू लोक दोनशेहून अधिक वर्षं लपून प्रार्थना करत राहिले. १८६५ मध्ये नागासाकीत याच २६ जणांच्या नावाने बांधलेल्या ओउरा चर्चमध्ये काही शेतकरी हळूच आले आणि आपण अजून ख्रिस्तीच आहोत असं त्यांनी फ्रेंच धर्मगुरूला सांगितलं.

निशिझाका टेकडीवर १९६२ पासून या २६ जणांचे ब्राँझचे पुतळे एका रांगेत उभे आहेत. त्यात एक आपल्या वसईकराचा आहे. उंचीवरून टोमासचाही चटकन ओळखता येतो, रांगेत पोरं तीनच आहेत.