स्मुर्णेचे बिशप पॉलिकार्प

आशिया मायनरच्या किनाऱ्यावरील स्मुर्णा, म्हणजे तुर्कस्थानांतील आजचें इझ्मीर, हें प्राचीन ग्रीक नगर होय. सम्राट तिबेरियसचें मंदिर बांधण्याचा मान त्यानें इ. स. २६ मध्यें मिळविला होता. अशा ठिकाणीं पॉलिकार्प हे ख्रिस्ती मंडळीचे बिशप झाले. लहानपणीं त्यांचें शिक्षण ऐकलेल्या इरेनियसला त्यांची बसण्याची जागा मोठेपणींही आठवे. शिक्षकाला याहून मोठें पारितोषिक आम्हांस ठाऊक नाहीं.

सुमारें १५५ सालीं शिपाई धरावयास आले, तेव्हां या वृद्धानें आधीं त्यांनाच जेवूं घातलें आणि प्रार्थनेसाठीं तासाभराची सवड मागितली. सम्राटाची शपथ घेऊन ख्रिस्ताची निंदा केल्यास रोमन सुभेदार त्यांना सोडणार होता. ८६ वर्षें ज्याची सेवा केली, त्या प्रभूस ते नाकारीनात. त्यांना जाळण्यासाठीं नगरवासीयांनींच लांकडें गोळा केलीं. मागाहून मंडळीनें त्यांच्या अस्थि वेंचून नेल्या.