सरखेल कान्होजी आंग्रे

किहीमकर, थळकर, नवगावकर, रेवदंडेकर अशी आपल्यापैकी पुष्कळांची आडनावे आहेत. ही सारी गावे जुन्या कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावरची. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर ज्यांची सत्ता चाले, त्या कान्होजी आंग्रे यांचे नाव इस्रायलमध्ये जन्मलेल्या आमच्या मुलांच्या कानांवर क्वचितच पडते. म्हणून त्यांची हकिगत येथे देत आहोत.

कान्होजींचा जन्म १६६९ च्या सुमाराचा. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या पदरी होते. १६९८ च्या सुमारास मराठी आरमाराची सूत्रे कान्होजींच्या हाती आली आणि पुढे सरखेल हा किताब त्यांच्या नावाला कायमचा जोडला गेला.

त्या काळी समुद्रावर हद्दीची रेघ कोणी आखलेली नव्हती. हक्क सांगणारे मात्र चौघे होते. गोवा, चौल व वसई पोर्तुगिजांकडे, मुंबई इंग्रजांकडे, जंजिरा मोगलांच्या बाजूच्या सिद्दीकडे आणि मधले किल्ले मराठ्यांकडे. थळच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर खांदेरी व उंदेरी ही बेटे दिसतात. खांदेरी मराठ्यांची, उंदेरी सिद्दीची, आणि दोन्ही एकमेकांच्या तोफांच्या टप्प्यात! सरहद्द म्हणजे काय, हे आमच्या पूर्वजांना घराच्या ओटीवरून दिसत असेल.

खरे भांडण परवान्याचे होते. पोर्तुगीज फार पूर्वीपासून व्यापाऱ्यांना आपला परवाना घ्यायला लावीत. इंग्रजही आपले परवाने देत. कान्होजींचे म्हणणे असे की, आमच्या किल्ल्यांसमोरून जाणाऱ्या गलबताने आमचे दस्तक घ्यावे व जकात भरावी. दस्तक नसेल ते जहाज ते धरून नेत. इंग्रजांनी त्यांना चाचा ठरविले. आम्हाला हे पटत नाही. परवान्याचे पैसे घेणे ही चाचेगिरी असेल, तर पोर्तुगीज दीडदोनशे वर्षे काय करीत होते?

१७१२ साली मुंबईच्या गव्हर्नरचे सशस्त्र जहाज कान्होजींनी पकडले. कारवारच्या वखारीचा प्रमुख त्या लढाईत मारला गेला व त्याची पत्नी कैदेत पडली. तीस हजार रुपये खंडणी घेऊन तिला सोडण्यात आले आणि १७१३ मध्ये तह झाला. पण मुंबईच्या देशी व्यापाऱ्यांचा माल इंग्रजी परवान्याखाली सुरक्षित मानायचा की नाही, ही गाठ सुटली नाही.

त्याच सुमारास घरातही तंटा होता. कान्होजी ताराबाईंच्या पक्षाचे. शाहू महाराजांनी पाठविलेल्या बहिरोपंत पिंगळे पेशव्यांना त्यांनी कैद केले. मग बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले व बोलणी करायला आले. १७१४ मध्ये कान्होजींनी शाहूंचे स्वामित्व मान्य केले, आणि सव्वीस किल्ले व सरखेलपद त्यांच्याकडे राहिले. काल ज्यांच्याशी लढले, त्यांचाच आधार पुढे त्यांच्या कामी आला.

गव्हर्नर बून याने १७१७ मध्ये विजयदुर्गावर व १७१८ मध्ये खांदेरीवर आरमार पाठविले. दोन्ही वेळा हात हलवीत परतावे लागले. तेव्हा इंग्रज व पोर्तुगीज, जे एरवी एकमेकांचे तोंड पाहात नसत, ते एक झाले. डिसेंबर १७२१ मध्ये कमोडोर मॅथ्यूजच्या जहाजांसह दोघांनी मिळून अलिबागजवळच्या कुलाबा किल्ल्यावर चाल केली. पण शाहूंची फौज कान्होजींच्या मदतीस आली व हल्ला फसला. जानेवारी १७२२ मध्ये पोर्तुगिजांनी बाजीराव पेशव्यांशी परस्पर तह उरकून घेतला; इंग्रज एकटे पडले आणि मित्राने दगा दिला म्हणून बोटे मोडीत राहिले. १७२४ मध्ये डच विजयदुर्गावर आले, तेही हरून गेले.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजी वारले. त्यांची समाधी अलिबागेस आहे. पुढे मुलांत वाटण्या झाल्या आणि भाऊ भावाविरुद्ध परक्यांची मदत मागू लागला. १७५६ मध्ये तर पेशवे व इंग्रज एकत्र येऊन तुळाजी आंग्रे यांच्यावर चालून गेले, आणि विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचे आरमार जळून गेले. ज्या आरमाराला चौघे शत्रू मिळूनही बुडवू शकले नव्हते, त्याचा शेवट असा झाला.

१९५१ मध्ये भारतीय नौदलाच्या मुंबईतील तळाला आंग्रे हे नाव देण्यात आले. खांदेरीलाही आता कान्होजी आंग्रे बेट म्हणतात, पण थळचे कोळी अजून खांदेरीच म्हणतात.