जॉन केड

जॉन फ्रेडरिक जोसेफ केड (१८ जानेवारी, १९१२ – १६ नोव्हेंबर, १९८०) हे ऑस्ट्रेलियन मानसोपचारतज्ज्ञ होते. द्विध्रुवीय मनोविकारातील (बायपोलर डिसऑर्डर) उन्मादावर लिथियम गुणकारी ठरते, असा शोधनिबंध त्यांनी १९४९ साली प्रसिद्ध केला.

जीवन

केड यांचा जन्म व्हिक्टोरिया राज्यातील मुर्टोआ येथे झाला. त्यांचे वडील डॉक्टर होते व पुढे मनोरुग्णालयांचे अधीक्षक झाले. त्यामुळे केड यांचे बालपण रुग्णालयांच्या आवारात गेले. मेलबर्न विद्यापीठातून त्यांनी वैद्यकशास्त्राची पदवी घेतली. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये सिंगापूरचा पाडाव झाल्यावर, ते साडेतीन वर्षे चांगी येथे जपानचे युद्धकैदी होते.

लिथियमचा शोध

युद्धानंतर केड बंडूरा येथील मनोरुग्णालयात काम करू लागले. शरीरातील एखाद्या विषारी द्रव्यामुळे उन्माद होत असावा, असा त्यांचा तर्क होता. तो पडताळण्यासाठी त्यांनी रुग्णांचे मूत्र गिनीपिगना टोचले. युरिक आम्ल पाण्यात सहज विरघळत नसल्याने पुढील प्रयोगांत त्यांनी त्याचा लिथियम क्षार वापरला, तेव्हा प्राणी शांत झाल्याचे आढळले. मूळ तर्क पुढे टिकला नाही. निरीक्षण मात्र टिकले. लिथियम प्रथम स्वतः घेऊन पाहिल्यानंतर १९४८ मध्ये त्यांनी ते रुग्णांना दिले. उन्मादाच्या दहाही रुग्णांत सुधारणा दिसली.

धोके व पडताळणी

उपचारक मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडे असते. केड यांच्या पहिल्याच रुग्णाचा १९५० मध्ये लिथियमच्या विषबाधेने मृत्यू झाला व त्यांनी हा उपचार थांबवला. अमेरिकेतही मिठाऐवजी लिथियम क्लोराइड खाल्ल्याने मृत्यू घडले होते. मेलबर्नमधील एडवर्ड ट्राउटनर व सहकाऱ्यांनी रक्तातील लिथियमची पातळी मोजून उपचार अधिक सुरक्षित केला. डेन्मार्कमधील मोगेन्स स्कौ यांनी १९५४ मध्ये नियंत्रित चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९७० च्या डॅनिश चाचणीत लिथियमऐवजी निष्क्रिय गोळ्या दिलेल्या ३९ रुग्णांपैकी २१ जणांचा आजार उलटला. लिथियम चालू ठेवलेल्या ४५ पैकी एकाचाही उलटला नाही. त्याच वर्षी अमेरिकेने उन्मादावरील औषध म्हणून लिथियमला मान्यता दिली. रक्ततपासणीसह दिले जाणारे लिथियम आजही या विकारावरील प्रमुख औषधांपैकी एक आहे.

उत्तरायुष्य व सन्मान

केड १९५२ ते १९७७ या काळात मेलबर्नच्या रॉयल पार्क मनोरुग्णालयाचे प्रमुख होते. १९७६ मध्ये त्यांना 'ऑफिसर ऑफ द ऑर्डर ऑफ ऑस्ट्रेलिया' हा सन्मान मिळाला.